न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का?

दर रविवारी विहारात आपण चौथे शील घेतो, मुसावादा वेरमणी. खोटे बोलणार नाही. पण जे बोललोच नाही, त्याचे काय? आमच्या वस्तीत हा प्रश्न नुकताच एका सोयरिकीवरून निघाला.

मुलाकडच्यांनी सांगितले होते, मुलगा कंपनीत आहे. ते खरेच होते. दारूपायी तो दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, हे मात्र सांगितले नाही. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मुलगी माहेरी परतली, अंगावरचे डोरलेही गहाण पडलेले. बैठकीत मुलाच्या मामांचे म्हणणे एकच, "तुम्ही विचारले नाही. आम्ही खोटे कुठे बोललो?" वर त्यांनी आम्हालाच विचारले, "खोली भाड्याने घेताना तुम्ही तरी जात सांगता का?"

सगळे गप्प झाले. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग हळूच कुळदैवत. आपण गावाचे नाव सांगून थांबतो. बाबासाहेबांची तसबीर चार महिने पेटीत राहते. जिन्यात जय भीम घालायचा तोही दबक्या आवाजात.

यावरून बडोद्याची आठवण होते. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब तिथे नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हे सारे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले, काही झाकले नाही. त्यांना खोटारडे म्हणायला आमची जीभ रेटणार नाही. खरे नाव सांगण्याची शिक्षा ज्याने आधीच ठरवून ठेवली होती, त्याला ते ऐकण्याचा हक्क कोणी दिला?

मामांच्या बोलण्यातली चूक इथेच आहे. जात कळली नाही म्हणून घरमालकाचे काही बुडत नाही, भाडे त्याला वेळेवर मिळते. त्या मुलीचे मात्र आयुष्यच त्या एका न सांगितलेल्या गोष्टीवर टांगलेले होते.

"विचारले नाही" या सबबीचेही पाहू. भिक्खूसंघ उपोसथाला जमतो तेव्हा तीनदा विचारले जाते, आपण शुद्ध आहात ना? ज्याला आपला दोष आठवतो आणि तरी जो गप्प बसतो, तो जाणूनबुजून खोटे बोलला असे विनयात मानले आहे. कारण तिथे गप्प बसणे म्हणजेच "मी शुद्ध आहे" असे सांगणे. सोयरिकीच्या बैठकीत पोरगा निर्व्यसनी आहे असे धरूनच सगळे चहा पितात. तिथे गप्प बसणाऱ्यानेही उत्तर दिलेलेच असते.

आता आपल्याकडचेही बोलायला हवे. मुलीचा बाप विचारत नाही, कारण विचारले तर पाहुणे रागावतील, स्थळ हातचे जाईल. मुलाच्या शेजाऱ्यांना सगळे ठाऊक असते, पण कोणाचे मोडायचे पाप नको म्हणून तेही बोलत नाहीत. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचे तर विचारूच नका!

मामा अजून आपल्या शब्दावर आहेत. पुढची बैठक पौर्णिमेला विहारात आहे. मागच्या बैठकीत दोन्हीकडचे मिळून पंधरा-वीस पुरुष बोलले, मुलगी आत स्वयंपाकघरात होती. या वेळी पहिल्यांदा तिलाच बोलू द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.