दिसेल इतपत अंधार

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी काय लिहिणार, असं सरांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हणालो, "अंधारावर लिहितो, सर." सरांना वाटलं, कविता असणार. त्यांनी मान डोलावली. मग मी भीत भीत पुढचं सांगितलं, "मोबाईलवरच्या नि संगणकावरच्या खेळांतला अंधार." सरांची मान डोलायची थांबली. पण ते नाही म्हणाले नाहीत. "लिही. मात्र मला समजेल असं लिही," एवढंच म्हणाले. म्हणून हा खटाटोप.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि तास मोबाईलवर सुरू झाले, तेव्हा आबांनी कांद्याच्या पट्टीतून मला मोबाईल घेऊन दिला. तो अभ्यासासाठी होता हे मला ठाऊक होतं. पण तास संपले तरी मोबाईल हातातच राहायचा! वर्गातल्या एका मित्रानं त्यावर 'माइनक्राफ्ट' नावाचा खेळ टाकून दिला आणि मी त्यात पुरता गुंतलो.

हा खेळ मूळचा स्वीडनमधला; २०११ साली तो पूर्ण रूपात बाजारात आला. त्यातलं सगळं जग ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, चंद्रसुद्धा चौकोनी! तिथला अख्खा दिवस वीस मिनिटांत सरतो. त्यात काळीकुट्ट रात्र म्हणाल तर जेमतेम सात मिनिटांची. पण त्या सात मिनिटांत अंधारातून राक्षस उपजतात आणि अंगावर धावून येतात. त्यावर उपाय एकच, काठी नि कोळसा जोडून मशाल करायची आणि ती जमिनीत रोवायची. मशालीच्या उजेडात राक्षस उपजत नाहीत. तेही जमलं नाही, तर घर बांधून अंथरुणात शिरायचं. रात्र चुटकीसरशी संपते.

आणि आणखी एक पळवाट असते. खेळाच्या आत उजेड कमीजास्त करायची एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की काळोख फिका पडतो. मी ती पहिल्याच दिवशी पार टोकाला नेऊन ठेवली होती. राक्षस लांबूनच दिसायचे. रात्र जणू माझ्या अंगठ्याखाली होती.

त्याच वेळी आबा कुठं असायचे? रब्बीच्या दिवसांत आमच्याकडं मोटारीची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री यायची. रात्रपाळी असली की दहाच्या सुमाराला आबा डोक्याला मफलर गुंडाळून, खांद्यावर फावडं टाकून दारं धरायला निघायचे. मी उठू लागलो तर म्हणायचे, "तू वाच. रानाचं मी बघतो." घरातल्या एकुलत्या चांगल्या दिव्याखाली माझी बैठक होती. आई त्या दिव्याखाली भाकरीचं पीठसुद्धा चाळत नसे, मला अडचण नको म्हणून. आणि मी? पुस्तक उभं धरून त्याच्या आड मशाली रोवत होतो.

बारावी झाली, मी शहरात वसतिगृहात आलो. खोलीतल्या मित्राकडं एक जुना, वापरलेला संगणक आहे. नवे खेळ त्याला झेपत नाहीत. त्यामुळं आम्ही आमच्या जन्माआधीचे खेळ खेळतो. त्यातला एक 'डूम थ्री', २००४ सालचा, अमेरिकेत तयार झालेला. मंगळावरच्या एका तळावर कथानक घडतं आणि तिथला काळोख असा, की पडदा बंद पडला की काय असं वाटावं! गंमत अशी की खेळणाऱ्याजवळ बॅटरी असते आणि बंदूकही असते, पण दोन्ही एकदम हातात धरता येत नाहीत. बॅटरी धरली तर शत्रू दिसतो पण गोळी मारता येत नाही. बंदूक धरली तर मारता येतं पण दिसत नाही. यावर तेव्हा जगभरच्या खेळणाऱ्यांनी कुरकुर केली. काही हिकमती पोरांनी खेळात आपला बदल घुसवून बॅटरी बंदुकीलाच चिकटवून टाकली. त्या बदलाचं नावच 'डक्ट टेप', म्हणजे चिकटपट्टी! पुढं २०१२ साली निघालेल्या आवृत्तीत खुद्द कंपनीनंच बॅटरी चिलखताला बसवून दिली.

या खेळावरून आमच्या खोलीत कडाक्याचं भांडण झालं. मित्र म्हणाला, "अंधार म्हणजे अंधार. रात्री दिसतं कुणाला? खेळात खरी रात्र हवी." मी म्हणालो, "दिसलंच नाही तर खेळायचं काय, कपाळ?" तो म्हणाला, "तू गावचा असून असं म्हणतोस?" त्यावर मी गप्प बसलो, कारण गावची रात्र मी दिव्याखाली बसून काढली होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

मानसशास्त्र हा माझा विषय. त्या तासाला योगायोगानं डोळ्यांचं प्रकरण सुरू होतं. बाईंनी सांगितलं, आपल्या डोळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडासाठी. त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्णपणे सरावायला अर्धा तास तरी लागतो. आणि एवढ्या वेळानं झालेला सराव एका झगझगीत झोतानं क्षणात वाया जातो. एकोणिसाव्या शतकात पुर्किंजे नावाच्या झेक शास्त्रज्ञानं आणखी एक गोष्ट टिपली. सांज उतरू लागली की तांबडी फुलं आधी काळवंडतात, निळी मात्र बराच वेळ उजळ राहतात. सिनेमावाले पूर्वी भर दिवसा चित्रण करून, त्याला निळी छटा देऊन रात्र दाखवत. फ्रेंच लोक या युक्तीला 'अमेरिकन रात्र' म्हणतात. खेळांतली रात्र पुष्कळदा निळसर असते, आणि तरीही ती आपल्याला पटते, यामागं हेही एक कारण असावं. हे सगळं मी वहीत उतरवलं, चाचणीत त्यावर टीप लिहिली आणि पाचपैकी चार गुण मिळवले.

पण चार गुणांचं ज्ञान वेगळं आणि रानातलं ज्ञान वेगळं!

गेल्या जानेवारीत मी चार दिवस घरी गेलो होतो. आई तापानं झोपून होती. गव्हाचं पाणी तटलेलं. लाईट रात्री साडेदहाला येणार होती. आबांबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी निघालो. आबा पुढं, मी मागं. अवसेला दोन दिवस राहिले होते. आबांच्या कमरेला बॅटरी होती, पण ती त्यांनी विहिरीवर स्टार्टर दाबण्यापुरती लावली आणि लगेच विझवली. मग "तू हितंच थांब," असं म्हणून ते रानाच्या खालच्या टोकाला गेले.

मी पाटाच्या तोंडाशी उभा होतो. बराच वेळ गेला. थंडीनं दात वाजत होते. एकाएकी बांधाच्या कडेनं सळसळ ऐकू आली. माझ्या पोटात धस्स झालं. मी काही विचार न करता मोबाईलची बॅटरी लावली आणि आवाजाच्या दिशेनं धरली.

तो झोत थेट आबांच्या डोळ्यांवर पडला. बांधावरून ते सरळ चालत येत होते, बिनबॅटरीचे, रस्त्यानं चालावं तसे. त्यांनी हात डोळ्यांवर नेला, पाय बांधावरून सुटला आणि ते पाटात कोसळले.

"आधी इझव ती! डोळं गेलं माझं!"

मी धावलो. त्यांचा घोटा मुरगळला होता. त्यांना बांधावर बसवलं. त्यांनी घोटा चोळला आणि शांतपणे म्हणाले, "आता मला घटकाभर काय दिसायचं न्हाय. तूच धर दारं."

"पण मलाही काही दिसत नाही, आबा."

"दिसायचं न्हाय लगीच. गप हुबा ऱ्हा. ऐक."

मी उभा राहिलो. आधी नुसता काळा पडदा, अगदी 'डूम थ्री'सारखा. मग पाण्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. कोरड्या वाफ्यात पाणी शिरतं तेव्हा माती ते पिते आणि बारीक सुरसुर होते. वाफा भरत आला की ती सुरसुर थांबते. मग पायांना कळू लागलं. कोरडं ढेकूळ कुठं, ओल कुठवर आली, बांध कुठं संपला. ओल्या मातीचा वाससुद्धा कुठल्या बाजूनं येतोय ते कळत होतं. आणि हळूहळू, केव्हा ते सांगता येणार नाही, आभाळ आणि बाभळ वेगळी झाली. बांधाची करडी रेघ उमटली. माझ्याच हातातलं फावडं मला दिसलं.

त्या रात्री मी अकरा वाफे भरले. बॅटरी एकदाही लावली नाही. आबा बांधावर बसून फक्त आवाजावरून सांगत होते, "भरला बघ. मोड आता."

सकाळी आईनं विचारलं, "लंगडताय का?" आबा म्हणाले, "पाय घसरला." बस्स. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. महिनाभर ते लंगडत होते.

वसतिगृहात परतल्यावर मी मित्राशी ते जुनं भांडण पुन्हा काढलं. मला आता त्याचं म्हणणं नेमकं कुठं चुकतं ते कळलं होतं, आणि माझंही कुठं चुकत होतं तेही. खऱ्या रात्रीत माणूस नुसत्या डोळ्यांनी वावरत नाही. पाय असतात, नाक असतं, अंगाला लागणारा वारा असतो, सरावायला मिळालेला अर्धा तास असतो. पडद्यासमोर बसलेल्याजवळ यातलं काय असतं? डोळे आणि थोडेसे कान. त्याच्यापुढं नुसता काळा पडदा ठेवला तर ती खरी रात्र होत नाही. ते डोक्यावर पोतं टाकल्यासारखं होतं. म्हणून खेळ करणारा थोडा निळा उजेड शिंपडतो. तो लबाडी करत नाही. आपल्याकडून काढून घेतलेल्या पायांची नि नाकाची तो भरपाई करतो.

पण पट्टी टोकाला नेली की रात्रच उरत नाही. मग मशालीला किंमत नाही, घराला नाही, की पहाटेलाही नाही. चांगले खेळ करणारे यातून वाट काढतात. 'ड्रॅगन्स डॉग्मा' या २०१२ सालच्या जपानी खेळात रात्र चांगलीच गडद होते, पण कमरेला कंदील असतो. त्यातलं तेल संपतं, आणि पाण्यात उतरलं तर तो विझतो. कॅनडातल्या 'डोन्ट स्टार्व्ह' या २०१३ सालच्या खेळात तर मिट्ट काळोखात उभं राहिलं की जीवच जातो. पण त्याआधी कानावर इशारा येतो. शेकोटी पेटवायला लाकडं कधी जमवायची हे खेळणाऱ्यानं उजेड असतानाच ठरवायचं. म्हणजे अंधार किती गडद, हा खरा प्रश्नच नव्हे. त्या अंधारात माणसाच्या हाती काय दिलं आहे, हा प्रश्न आहे. कंदील द्या, इशारा द्या, सरावायला वेळ द्या. मग रात्र कितीही काळी असू द्या, माणूस तिच्यातून चालत जाईल.

मित्रानं हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे बरोबर आहे. पण मग तुझ्या आबांच्या हाती काय दिलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. खेळातली रात्र सात मिनिटांची असावी, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं. खेळणारा कंटाळून खेळ सोडून जाऊ नये, याची त्याला काळजी होती. आबांची रात्र किती तासांची, हेही कुणीतरी टेबलाशी बसूनच एका तक्त्यावर मांडलेलं असतं. फरक एवढाच, की आबांना खेळ सोडून जाता येत नाही. म्हणूनच त्यांच्या रात्रीचा तेवढा विचार होत नसावा. मला पडलेला तो उजेडाचा दिवाही कुणी सरकारनं दिलेला नव्हता. तो आबांनी स्वतःच्या वाटणीतून माझ्याकडं सरकवला होता.

पुष्कळ खेळ सुरू होताना पडद्यावर एक पुसट खूण दाखवतात आणि सांगतात, ही जेमतेम दिसेल इतपतच पट्टी ठेवा. पूर्वी मी ती सूचना वाचतही नसे. आता पट्टी तिथंच ठेवतो. राक्षस जवळ आल्यावरच दिसतात. मी जास्त वेळा मरतो. चालायचंच!

परवा रात्री आबांना फोन केला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"दारं धरायला निघालात?"

"हां. लाईट आलीया आत्ताच."

"बॅटरी घेतली का?"

"घेतलीया. लावत न्हाय," ते म्हणाले आणि हसले. मग नेहमीसारखंच म्हणाले, "तू वाच."

मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि पुस्तक उघडलं. या वेळी त्याच्या आड काही नव्हतं.