वासुकीच्या गावाला

बालमित्रांनो, कच्छ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरंशुभ्र रण, आरशांचं भरतकाम, रानगाढवं आणि हो, कच्छी दाबेली! आज मात्र आपण कच्छच्या ज्या कोपऱ्यात जाणार आहोत, तिथं यातलं फारसं काही नाही. तिथं आहे एक कोळशाची खाण. त्या खाणीत एक साप सापडला. जिवंत नव्हे बरं का! तो मेला त्याला झाली सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं.

मुंबईहून रात्रभराच्या गाडीनं भुजला उतरायचं. भुजचं कच्छ संग्रहालय १८७७ सालचं, गुजरातमधलं सर्वांत जुनं. वेळ असेल तर तासभर तिथं घालवा. मग एस.टी.नं किंवा जीपनं वायव्येला, नखत्राण्याच्या रस्त्याला लागायचं. दुतर्फा वेडी बाभूळ, मधूनच उंटांचा कळप, लांबवर धिणोधर डोंगराचा सुळका. हा डोंगर म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा उरलेला गाभा. कच्छमध्ये जागोजागी जो काळा दगड दिसतो ना, तो आपल्या सह्याद्रीच्या दगडाचाच भाऊ. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जो लाव्हा महाराष्ट्रभर पसरला, त्याचीच एक बाजू इथपर्यंत पोचली होती. म्हणजे घरापासून इतके दूर येऊनही आपण ओळखीच्या दगडावरच उभे असतो!

पुढं माता नो मढ लागतं. आशापुरा देवीचं मोठं ठाणं. नवरात्रात इथं शेकडो मैल चालत लोक येतात. पण शास्त्रज्ञही येतात, ते गावाजवळच्या पिवळसर मातीसाठी. तिच्यात जॅरोसाइट नावाचं खनिज आहे आणि हेच खनिज मंगळावरही सापडलं आहे. मंगळाचा अभ्यास करायला कच्छमध्ये यायचं, ही गंमतच नाही का? असो. मंगळावर पुन्हा कधीतरी जाऊ. आपल्याला गाठायचंय पानंध्रो.

पानंध्रोच्या खाणीतून निघतो तो लिग्नाइट, म्हणजे तपकिरी, कच्चा कोळसा. हा कोळसा कशाचा बनला? दलदलीतल्या झाडापाल्याचा. हो, आज जिथं पाण्याच्या हंड्यासाठी बायका मैलभर चालतात, तिथं एके काळी चिखल आणि गर्द झाडी होती, आणि पलीकडे उथळ, कोमट समुद्र. पाने, खोडं चिखलात पडत, त्यांच्यावर गाळ साठे, हवा आत शिरत नसे, म्हणून ती धड कुजतही नसत. दाबून दाबून त्यांचा कोळसा झाला. त्याच चिखलात जे प्राणी मेले, त्यांच्या हाडांचे दगड झाले. यालाच आपण जीवाश्म म्हणतो. कासवं, मगरी, मासे, इतकंच काय, देवमाशांचे पूर्वजसुद्धा! हे देवमासे तेव्हा पायवाले होते. कच्छवरूनच एकाचं नाव 'कच्छिसेटस' असं ठेवलं आहे. पण आज त्याचा नंबर नाही.

२००५ साली रुरकीच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक सुनील बाजपेयी यांना या खाणीत काही जाडजूड मणके मिळाले. आकार पाहता ते एखाद्या मोठ्या मगरीचे असावेत, असं तेव्हा वाटलं. मणके प्रयोगशाळेत गेले आणि बाजूला राहिले. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सुमारे अठरा वर्षं! तुमच्यापैकी कितीतरी जण त्यानंतर जन्माला आले असतील. मग देबजित दत्ता हे तरुण संशोधक तिथं आले. मणक्यांवरची माती-दगड हळूहळू काढून साफ करू लागल्यावर ध्यानात आलं, की हे मगरीचं काम नव्हे. हा तर साप!

कसं ओळखलं? इथं जरा थांबू या, कारण खरी मजा इथंच आहे. मगरीचा मणका घ्या. पुढून खोलगट वाटीसारखा, मागून चेंडूसारखा गोल. एकाचा चेंडू दुसऱ्याच्या वाटीत बसतो. सापाचंही तसंच. म्हणून मातीत माखलेला मणका चकवू शकतो. पण सापाच्या मणक्याला पुढच्या बाजूला, वर, एक जादा खुंटी असते आणि मागच्या बाजूला तशीच एक खोबण. सुतार चौकट जोडताना कूस आणि साल बसवतो ना, अगदी तसंच! एवढी लांबलचक दोरी इकडून तिकडे वळली तरी पिळवटून तुटू नये, म्हणून ही जादा सोय. मगरीला तिची गरज नाही, तिला चार पाय आहेत. माती निघाली, खुंटी दिसली, आणि मगरीचा साप झाला.

एप्रिल २०२४ मध्ये दत्ता आणि बाजपेयी यांनी हा शोध जगापुढे मांडला. सापाचं नाव ठेवलं 'वासुकी इंडिकस'. समुद्रमंथनात मंदार पर्वताला दोरी म्हणून गुंडाळला तो वासुकी, शंकराच्या गळ्यातला वासुकी. इंडिकस म्हणजे भारतातला. शास्त्रज्ञांची नावं बहुतेक वेळा तोंड वाकडं करायला लावतात. हे मात्र आजीलासुद्धा एका दमात म्हणता येईल.

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. केवढा होता हो हा?

सापडलेले मणके २७. त्यातला सर्वांत रुंद ११ सेंटीमीटरहून थोडा अधिक. पट्टी घेऊन वहीवर ११ सेंटीमीटरची रेघ ओढा आणि आपल्या पाठीच्या कण्यावरून बोट फिरवून पाहा, म्हणजे कळेल! पण सापाच्या अंगात मणके असतात दोनशे, तीनशे, कधी चारशेसुद्धा. म्हणजे आगगाडीचे दोन-तीन डबे पाहून सबंध गाडीची लांबी सांगण्यासारखं झालं. मग काय करायचं? आजच्या सापांची मापं घ्यायची. मणका इतका रुंद असेल तर साप किती लांब असतो, याचं कोष्टक मांडायचं आणि त्यात वासुकीचा मणका बसवायचा. हा हिशेब दोन पद्धतींनी केला. एकीनं उत्तर आलं सुमारे ११ ते १२ मीटर. दुसरीनं आलं साडेचौदा ते १५ मीटर.

'मग खरं उत्तर कोणतं?' असं तुम्ही विचाराल. परीक्षेत दोन उत्तरं लिहिली तर बाई शून्य देतात, मान्य! पण इथं दोन्ही लिहिणं हाच प्रामाणिकपणा. वर्तमानपत्रांनी मात्र त्यातला मोठा आकडा तेवढा उचलला आणि 'जगातला सर्वांत मोठा साप' म्हणून मथळे दिले. मला ते काही पटलं नाही. लहान उत्तर धरलं तरी हा साप आपल्या लाल एस.टी.एवढा भरतो. आज सहा-सात मीटरचा अजगर दिसला तरी गाव गोळा होतं. मग उगाच ताणायचं कशाला?

त्याला तोडीस तोड दुसरा साप आहे तो दक्षिण अमेरिकेतला, कोलंबिया देशातला टायटॅनोबोआ. लांबी अंदाजे १३ मीटर, आणि आपल्या वासुकीपेक्षा एक कोटीहून अधिक वर्षं जुना. २००९ साली तो जगाला कळला. गंमत ऐका. तोही कोळशाच्या खाणीतच सापडला, आणि त्याचेही मणके आधी मगरीचे म्हणून ठेवले गेले होते!

हे साप एवढे का वाढले? सापाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. उन्हात ऊब मिळाली तर अंग चालतं, गारठा पडला की सगळं मंद. म्हणून राक्षसी आकाराच्या सापाला बारा महिने उबदार हवा लागते. वासुकीच्या काळी इथलं वर्षाचं सरासरी तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअस असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढं धूड भरभर पळणार नाही. ते आजच्या अजगरासारखं दबा धरून बसत असेल आणि भक्ष्य जवळ आलं की विळखा! पण भक्ष्य नेमकं कोणतं, ते सांगायला पुरावा नाही. पोटातलं काही उरलेलं नाही, आणि डोकंही सापडलेलं नाही.

आता पानंध्रोला पोचल्यावर काय दिसतं ते सांगतो. वासुकी दिसत नाही! मूळ मणके पाहायचे तर रुरकी गाठायची, हजारावर किलोमीटर लांब. खाणीतही असं कुणालाही शिरता येत नाही. ती कामाची जागा, वर अवजड ट्रकांची ये-जा. लांबून दिसतात ते मातीचे थर. वर पिवळट, मध्ये राखाडी, खाली काळपट पट्टा. मग एवढ्या लांब कशाला यायचं? तर ते थर पाहायला. पुस्तकात 'कोटी वर्षं' हे दोन शब्द असतात. इथं ती भिंतीसारखी उभी असतात.

आणि एक विचित्र गोष्टही कळते. खाण खणली नसती तर वासुकी कधीच दिसला नसता. इतक्या खोल कोण गेलं असतं? पण कोळसा काढणाऱ्या यंत्राला मणका कळत नाही. त्याच्या एका घासात कितीतरी टन माती जाते आणि ढिगाऱ्यावर पडते. त्या दिवशी तिथं ओळखणारा माणूस असला तर ठीक, नसला तर संपलं. वासुकीचे २७ मणके वाचले. त्याच्या शेजारचे किती ट्रकमधून गेले, ते कोण मोजणार? खाण बंद करा असं मी म्हणत नाही, त्या कोळशावर कुणाच्या तरी घरात दिवा लागतो. पण खणताना अधूनमधून जाणत्या माणसाला हाक मारायला काय हरकत आहे?

पानंध्रोहून पुढं लखपतला जरूर जा. केवढा तो तट! १८०१ साली जमादार फतेह महंमदानं बांधून काढला. तेव्हा सिंधू नदीची एक शाखा इथून वाहत असे, गलबतं लागत, भाताची शेतं पिकत. १८१९ च्या जूनमध्ये भूकंप झाला, जमीन वर उचलली जाऊन लांबच लांब बांध तयार झाला. लोक त्याला 'अल्लाह बंद' म्हणतात. पाणी दुसरीकडे वळलं आणि शहर ओस पडलं. तटावर चढून पाहिलं की समोर नुसता खारट चिखल. एका भूकंपात एवढं, मग पावणेपाच कोटी वर्षांत दलदलीचं वाळवंट झालं यात नवल ते काय! ही सरहद्द आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि जायचं ते थंडीतच.

लखपतच्या आसपास जमिनीवर नाण्यासारखे चपटे, गोल दगड दिसतील. तेही जीवाश्मच, समुद्रातल्या एकपेशीय जीवांची घरं. नुसत्या डोळ्यांना दिसणारा एकपेशीय जीव! हातात घ्या, निरखा, आणि परत तिथंच ठेवा. खिशात घालून घरी आणलेला दगड कुठल्या थरातला, हे महिन्याभरानं तुम्हालाही आठवणार नाही.

वासुकीच्या भाऊबंदांचं एक कुळ होतं. त्याला मॅडत्सोइडी म्हणतात. त्यातलाच एक साप गुजरातेत बालासिनोरजवळ ढोली डुंगरी गावी सापडला. साडेतीन मीटरचा, डायनोसॉरच्या घरट्यात, अंड्यांना आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला लागून! भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना तो दगड १९८० च्या दशकात मिळाला, पण त्यात साप आहे हे २००१ साली जेफ विल्सन या अमेरिकी संशोधकाच्या नजरेला आलं, आणि २०१० साली त्याचं 'सनाजेह' असं बारसं झालं.

आणि कच्छ फार लांब वाटत असेल तर याच कुळातला तिसरा साप आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. २०११ साली त्या सापाला गावाचंच नाव मिळालं, मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस. त्याच शिवारात डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळेही मिळाले आहेत. शास्त्रज्ञांनी ते फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर आत गवताचे कण निघाले! डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला कळलं ते या शेणामुळं. सुट्टीत विदर्भात मामाकडे जाणार असाल तर मामाला विचारा, पिसदुरा किती लांब आहे म्हणून.