काचेखालची वीतभर जागा

नागपूरहून आमच्या जिल्ह्याकडे निघालं की सावनेरपर्यंत रस्ता एकच असतो. तिथे त्याचे दोन होतात. एक पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या आमच्या पांढुर्णा जिल्ह्याचे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके नागपूरकडून येणाऱ्यासाठी असे एका फाट्यावर वेगळे होतात. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. फोनवरचा निळा टिपका पाच सेकंद मागे राहिला, तर तो वळा म्हणेपर्यंत गाडी फाट्याच्या शंभर मीटर पुढे गेलेली असते. जामसावळीच्या हनुमानाला येणारे भाविक, संत्रा भरायला परप्रांतातून येणारे ट्रकवाले, रात्री रुग्ण घेऊन नागपूर गाठणारे नातेवाईक, या सगळ्यांना हा टिपका खरा लागतो. या रस्त्यांवर गाडी चालवण्याच्या अनुभवातून माझं एक मत पक्कं झालं आहे. टिपका अडला की आपण आभाळाला नाहीतर टॉवरला दोष देतो, पण कारण बहुतेक वेळा गाडीच्या आतच असतं. म्हणूनच त्यावरचा उपायही आपल्या हाती आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘रेंज नाही, म्हणून जीपीएस चालत नाही’ हे वाक्य आमच्याकडे सर्रास ऐकू येतं. सीमेवर मोबाइलचं सर्कल बदलतं, घाटात नेट जातं, आणि त्याच सुमारास नकाशा कोरा पडतो. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात. प्रत्यक्षात उपग्रहाचा संदेश थेट आभाळातून येतो. त्याला टॉवर लागत नाही की सिमकार्डही लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, आणि कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती चटकन मिळवायला. नेट नसलं तर फोन हीच माहिती उपग्रहाकडून घेतो, पण जीपीएसचा मूळ संदेश सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने येतो. एका उपग्रहाचा नेमका ठावठिकाणा पुरा मिळायला सुमारे अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात गाडी झाडाखालून गेली, वळली, संदेश तुटला, तर तुटलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवणं आणि मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर उभं राहणं, या दोन सवयींनी आमच्याकडची अर्धी तक्रार मिटते.

उरलेली अर्धी तक्रार फोन गाडीत कुठे ठेवला आहे यावर ठरते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संदेश इतका क्षीण होतो, की एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एखाददुसरा भाग आपल्या वाट्याला येतो. फोनच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही तो मंद असतो. गणिताच्या जोरावर त्याला त्यातून वेचून काढावं लागतं. अशा संदेशाला गाडीचा पत्र्याचा टप म्हणजे भिंतच. साधी काच त्याला जाऊ देते, पत्रा देत नाही, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं शरीरही बराचसा शोषून घेतं. म्हणून गिअरजवळच्या खणात, खिशात किंवा मांडीवर ठेवलेला फोन आभाळाला पारखा होतो. त्याच्यापर्यंत जे पोचतं, त्यातलं बरंच इकडेतिकडे आपटून, उशिरा आलेलं असतं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका उशीर म्हणजे ३०० मीटरचा फरक, हे लक्षात घेतलं तर आपटून आलेल्या संदेशाचं नुकसान कळतं.

शेताची मोजणी पाहिलेल्या माणसाला यातली आणखी एक गोष्ट लगेच पटेल. जरीब टाकून मोजताना सगळी मापं एकाच धुऱ्यावरून घेतली, तर दुसऱ्या टोकाची खूण सरकते. चहूबाजूंनी मापं घेतली की ती पक्की बसते. उपग्रहांचंही तसंच आहे. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, आणि ते आभाळात विखुरलेले असावे लागतात. गाडीच्या पोटात ठेवलेल्या फोनला समोरच्या काचेतून आभाळाचा एक तुकडा दिसतो. त्यात चार उपग्रह सापडले तरी ते एकाच बाजूचे असतात. मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगणारा तोच फोन मग शेजारचा रस्ता दाखवू लागतो. फोन समोरच्या काचेच्या अगदी खाली, डॅशबोर्डच्या कडेशी आणला की त्याला डोक्यावरचं आणि बाजूचंही आभाळ मिळतं. उपग्रहांची ताकद आकड्यांत दाखवणारी ॲप फुकट मिळतात. फोन खणात ठेवून आणि काचेखाली ठेवून ते आकडे ताडून पाहिले, तर कुणाच्या शब्दावर विसंबण्याची गरज उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, आता भारताची स्वतःची नाविक यंत्रणा आहे, नवे फोन अनेक देशांचे उपग्रह एकदम ऐकतात, मग जागेची एवढी काळजी कशाला? जास्त उपग्रहांचा फायदा होतो, हे मला मान्यच आहे. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकचा संदेश जीपीएसच्याच मुख्य लहरीवरही येऊ लागला, हे मोठं पाऊल आहे. पण नाविकच्या काही जुन्या उपग्रहांतली अणुघड्याळं बंद पडली आहेत, त्यामुळे सारा भार तिच्यावर टाकता येत नाही. शिवाय नाविकचा मोठा गुण म्हणजे तिचे उपग्रह भारताच्या आभाळात उंच दिसतात. सिल्लेवानीच्या घाटात दोन्ही बाजूंना डोंगर आणि सागवान असताना हाच गुण कामी येतो; पावसाळ्यात ओल्या पानांचं छत दाट होतं तेव्हा तर त्याची जास्तच गरज भासते. मात्र उंचावरून येणाऱ्या संदेशाच्या आड सगळ्यात आधी टप येतो. फोन टपाखाली खोल ठेवला, तर आपल्याच यंत्रणेचा सगळ्यात उपयोगी भाग आपण झाकून टाकतो.

दुसरा आक्षेप उन्हाचा आहे, आणि तो खरा आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. काचेखालचा फोन तापून मंदावतो, कधी बंदही पडतो. त्यासाठी फोन काचेच्या खालच्या कोपऱ्यात, एसीच्या वाऱ्याच्या वाटेत बसवावा आणि गाडी उभी केली की काढून घ्यावा. तिथे तो चालकाची नजरही अडवत नाही. उन्हाला उत्तर म्हणून अनेकजण काचेवर फिल्म लावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गडद फिल्मांना मनाई केली ती सुरक्षेसाठी; पण धातूचा थर असलेली फिल्म उपग्रहाचा संदेशही परतवते, हे फारसं कुणी सांगत नाही. काही गाड्यांच्या समोरच्या काचेतच असा थर असतो. तिथे बहुधा आरशाजवळ बिनथराची छोटी जागा सोडलेली असते, ती शोधावी. स्वस्त डॅशकॅम आणि हलके चार्जर हा आणखी एक छुपा त्रास. त्यांतून निघणारा गोंगाट उपग्रहाच्या लहरीवर पडतो. चार्जर काढल्याबरोबर टिपका जागेवर येत असेल, तर दोषी सापडला समजावं.

तिसरा आक्षेप आमच्या मातीतला आहे: गावात विचारत गेलं की माणूस चुकत नाही. विचारावंच, कारण संत्र्याच्या बगीच्यांमधला कोणता पांदण रस्ता पावसात खचला आहे हे कोणताही उपग्रह सांगत नाही. पण रात्री दोन वाजता फाट्यावर विचारायला कुणी नसतं. आणि आता प्रश्न फक्त रस्ता शोधण्याचा उरलेला नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी बस आणि टॅक्सींत ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटकाळचं बटण बंधनकारक झालं. ते यंत्र पत्र्याआड बसवलं असेल, तर बटण दाबणाऱ्या बाईचा पत्ता चुकीचा जाईल. यंत्र बसवलं याची खात्री कागदावर होते, त्याला आभाळ दिसतं की नाही याची खात्री गाडीत बसूनच करावी लागते. गाडी बनवणारे, बसवाले, गॅरेजवाले आणि चाक हातात धरणारे आपण, सगळ्यांनी टपाखालच्या अंधारातून फोन आणि यंत्र उचलून काचेखाली आणावं, एवढंच माझं मागणं आहे. त्याला खर्च नाही, आणि सावनेरच्या फाट्यावर रात्री दोन वाजता त्याची किंमत कळते.