टॉवेल हलवणारी मुलगी

शॉन टॅनच्या ‘द अरायव्हल’ या पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे नऊ चौकटी. कागदाचा पक्षी, घड्याळ, टांगलेली टोपी, स्वयंपाकाचं भांडं, लहान मुलानं काढलेलं चित्र, टवका उडालेली किटली, कप, बॅग आणि घरच्या तिघांचा फोटो. खरेखुरे चेहरे काय ते त्या फोटोत. शब्द तर अख्ख्या पुस्तकात नाही. जुन्या फोटोंच्या तपकिरी छटेतली पेन्सिलीची चित्रं फक्त. बायको-मुलीला मागं ठेवून एक माणूस परमुलखात जातो, एवढीच गोष्ट. टॅन पर्थचा. त्याचे वडील मलेशियातून तिथं शिकायला आले आणि तिथलेच झाले. 2006 साली पुस्तक आलं तेव्हापासून ऑस्ट्रेलियातल्या शाळांमध्ये ते हातोहाती फिरतं आहे.

मी ते सिडनीतल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात नेलं. मुलं मराठी फडाफडा बोलतात, पण लिहायला बसली की जोडाक्षरापाशी अडतात. ‘आपलं घर’ या विषयावर गोष्ट लिहा म्हटलं, की सगळ्यांच्या वहीत तेच उतरतं: आजीचं अंगण, आंब्याचं झाड, गणपती. खोटं नसतं ते. पण त्यातलं बरंचसं आईबाबांच्या आठवणींतून उसनं आलेलं असतं. शाळेत अशा विषयाला लावतात ती चित्रंही मला फारशी पटत नाहीत. नाना रंगांचे हात गोलात एकमेकांवर ठेवलेले, किंवा हसरं कुटुंब गवतावर बसलेलं. चित्रानंच सगळं सांगून टाकल्यावर मुलानं लिहायचं काय?

इथं न्यू साउथ वेल्समध्ये 2009 ते 2014 बारावीच्या इंग्रजीला ‘बिलाँगिंग’ हाच विषय होता. पेपरात एखादं चित्र वाचायचं, पुढं चाळीसेक मिनिटांत आपली गोष्ट लिहायची. पुष्कळ मुलं गोष्ट आधीच पाठ करून जात. ओळखीतल्या एका मुलानं जहाजातून आलेल्या आजोबांची गोष्ट घोटली होती. त्याचे आजोबा विमानानं आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर, आणि दुसऱ्याच आठवड्यात परत जायचं म्हणत होते. त्यांची गोष्ट खरं तर जास्त रंगली असती.

चित्र समोर ठेवून गोष्ट सांगणं मला नवं नव्हतं. मी मूळची कुडाळकडची. पिंगुळीचे चित्रकथी लहानपणी पाहिलेले. ठाकर समाजातले हे कलावंत पोथीतलं एकेक चित्र समोर धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. मोठ्या डोळ्यांचा राम समोर आला, की पुढं काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक. ठाऊक असणं हीच त्या बैठकीत बसायची सनद. टॅनच्या चौकटींपुढं ती सनद कुणाकडेच नाही. इथं जन्मलेला, काल आलेला, मराठी शिकवणारी मी, सगळे सारखेच अडाणी. म्हणून मला त्या चौकटी आवडतात.

मुलांना म्हटलं, यातली एकच वस्तू घ्या आणि तुमच्या घरात नेऊन ठेवा.

एका मुलानं घड्याळ घेतलं. त्यांच्या हॉलमधलं घड्याळ भारताची वेळ दाखवतं, ते आजीचं. ओव्हनवरचं सिडनीचं. मधलं अंतर साडेचार तासांचं, ऑक्टोबरात इथली घड्याळं पुढं सरकली की साडेपाच. हा वरचा अर्धा तास कुठून आला, हे बाबांनाही सांगता येत नाही, असं त्यानं लिहिलं. आणि पुढं: ‘मी शाळेत जायला उठतो तेव्हा आजीच्या घड्याळात मी अजून झोपलेलो असतो.’ त्या वाक्यात आंबा नव्हता, अंगण नव्हतं, आजी मात्र होती.

एका मुलीनं भांडं घेतलं. त्यांच्याकडे फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागतो. मग ही खुर्चीवर चढते आणि त्याच्याखाली टॉवेल हलवते. ‘दादाला हे काम देत नाहीत, कारण तो हळू हलवतो.’ घर तिचं कसं, याचा याहून पक्का पुरावा मला सुचत नाही. कुठं राहतो, कोणती भाषा बोलतो, याआधी माणसाला विचारावं, तुझ्या वाट्याला घरातलं काय येतं? लाड नव्हे, काम. तिला ‘तुला कुठं आपलं वाटतं’ असं सरळ विचारलं असतं, तर तिनं खांदे उडवले असते. कढईत पडलेल्या मोहरीनं ते आपसूक बाहेर काढलं.

टॅनच्या नायकालाही नव्या शहरात काम मिळतं, भिंतीवर जाहिराती चिकटवायचं. तिथली लिपी टॅननंच रचलेली, कुणालाच न येणारी. नायक सगळ्या जाहिराती उलट्या चिकटवतो. वर्ग खो खो हसला. सांगलीहून नुकताच आलेला एक मुलगा तेवढा हसला नाही. तोवर त्यानं काहीच निवडलं नव्हतं. आता त्याला ते पान हवं झालं. त्याच्या गोष्टीतला मुलगा बसमध्ये चढताना भाड्याचं ओपल कार्ड लावतो, पण उतरताना लावत नाही, आणि पैसे जास्त का गेले म्हणून घरी बोलणी खातो. टॉवेलवाली शेजारीच बसली होती. तिनं वाकून वाचलं आणि पेन्सिलीनं समासात लिहिलं, ‘उतरताना पण टॅप करायचं. ट्रेनला पण.’

त्यानं खोडरबर घेऊन ते पुसलं.

‘‘अगं, मला माहीत आहे आता,’’ तो म्हणाला. ‘‘गोष्टीतल्याला अजून माहीत नाहीये.’’