ऑब्स्टिनेटसमोरचा ‘जिद्दी’

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा साधी होती. इंग्रजीतले अवघड शब्द कसे शिकावेत यावर लिहा, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना उपयोग होईल, आणि फार शास्त्रीय करू नका. अठ्ठावीस वर्षं मी हेच शिकवते आहे. लेख एका बैठकीत व्हायला हवा होता, पण झाला नाही. जूनपासून एक वाक्य मनात रुतून बसलं आहे, ते आधी सांगते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. बारावीपर्यंत तालुक्याच्या गावी शिकली, मग कृषी पदवी घेतली. परदेशी शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला, त्यासोबत स्वतःविषयी दोन पानं लिहायची होती. त्यात आईबद्दल लिहिलं, ‘माय मदर इज ॲन ऑब्स्टिनेट वुमन’. वडील गेल्यावर या बाईंनी साडेतीन एकर कोरडवाहू रान विकलं नाही. दोन बोअर कोरडे गेले, तरी तिसरा घेतला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, आईच्या हट्टीपणाचा तुम्हाला फार त्रास झाला का? मुलीला प्रश्नच कळेना. शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती या एका शब्दापायी गेली असं मी म्हणणार नाही. पण घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “मॅडम, मी तर आईला जिद्दी म्हटलं होतं.”

तिचं चुकलं कुठे? कोश उघडला तर ऑब्स्टिनेटसमोर हट्टी, दुराग्रही, हेकेखोर यांच्या पंगतीत जिद्दीही बसलेला सापडतो. जिद्द हा शब्द मुळात अरबी, त्याचा तिथला अर्थ ‘विरुद्ध’. हिंदीत तो आजही बहुधा तक्रारीच्या सुरात येतो, जिद्दी मूल म्हणजे ऐकत नाही ते. मराठीनं मात्र त्याला मान दिला. आपण जिद्दीनं शिकतो, जिद्दीनं उभे राहतो, मुलाच्या सत्कारात ‘जिद्द आणि चिकाटी’ म्हणतो. म्हणजे कोशातला जिद्दी आणि त्या मुलीच्या तोंडातला जिद्दी हे दोन वेगळे शब्द आहेत. मधे कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

बर्ट्रंड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या कार्यक्रमात क्रियापदासारखं एक विशेषण चालवून दाखवलं होतं. तोच गुण स्वतःत असला की माणूस ठाम, समोरच्यात असला की तो ऑब्स्टिनेट, आणि तिऱ्हाइतात असला की तो डुकराच्या डोक्याचा मूर्ख. वर्गात मी हे दरवर्षी सांगते, कारण शब्दाच्या अर्थाइतकाच त्याचा कलही शिकावा लागतो. बोलणारा कौतुक करतो आहे की नाक मुरडतो आहे? आणि शब्द कुणाच्या संगतीत वावरतो? इंग्रजीत ऑब्स्टिनेट असतो तो न जाणारा डाग, न हटणारा खोकला, ऐकून न घेणारा नवरा. त्या संगतीत या मुलीनं आपली आई नेऊन बसवली.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी कोश करणाऱ्यांना हे लवकर उमगलं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला, आणि ऑक्सफर्डनं 1948 मध्ये तोच लंडनहून काढला. शब्द वाक्यात कसा बसतो, हे दाखवणं हा त्याचा मूळ हेतू. आजच्या अशा कोशांत ऑब्स्टिनेटच्या शेजारी ‘बहुधा नापसंती दाखवणारा’ असा शेरा असतो. आमच्या मुलांच्या हातात मात्र असतात डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ अशा तीन-तीन हजारांच्या याद्या, झेरॉक्सची झेरॉक्स.

इथे शहाणी माणसं लगेच म्हणतात, याद्या फेकून द्या, भरपूर वाचा, शब्द आपोआप येतात. या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी 2006 मध्ये दाखवलं की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं, ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेटली, ऑब्स्टिनसी हे सगळं मिळून एक. एवढं आलं की शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे होतात, तरीही तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी उरतात. आता अडचण बघा. पहिले दोन-तीन हजार शब्द वाक्यावाक्याला भेटतात. पुढचे शब्द विरळ होत जातात. ऑब्स्टिनेटसारखा शब्द दहा लाख शब्दांच्या वाचनात, म्हणजे दहा जाडजूड कादंबऱ्यांत, मोजक्या वेळा दिसणार. एकदा दिसून शब्द मनात राहत नाही. ज्या घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट आहे, तिथलं मूल लहानपणापासून वाचत हे साधू शकतं. ज्या घरात एसटीच्या वेळापत्रकाखेरीज छापील कागद नाही, त्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलीला ‘वाच, येईल आपोआप’ सांगणं म्हणजे तिला रांगेतून बाहेर काढणं आहे. तिला पाठांतर करावंच लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. अमरकोश शतकानुशतकं पाठच केला गेला. पण त्याचं दुसरं नाव नामलिंगानुशासन आहे हे विसरू नये. तिथे शब्द एकटा येत नाही, आपली भावंडं आणि आपलं लिंग घेऊन येतो.

मराठी अर्थ लिहूच नये, ‘इंग्रजीतच विचार करा’, हा आणखी एक हट्ट. तोही मला मान्य नाही. नव्या शब्दाची पहिली पकड मातृभाषेतच बसते. फक्त मराठी शब्द एकच नको, त्याला एक वाक्य आणि एक शेरा जोडलेला हवा.

मूळ धातूंवरून अर्थ ओळखण्याबद्दलही विचारतात. नॉर्मन लुइस यांच्या 1949 च्या पुस्तकानं ती गोडी अनेकांना लावली, मलाही. टेनेशियसमध्ये ‘धरून ठेवणं’ हा लॅटिन धातू आहे हे कळलं की शब्द पक्का होतो. पण एनर्व्हेट ऐकून शक्ती देणं वाटतं, आणि त्याचा अर्थ आहे शक्ती काढून घेणं. नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा शब्द आहे. धातू आठवायला उपयोगी आहेत, ओळखायला नाहीत. उजळणीसाठी मी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांचा 1972 चा कप्प्यांचा खोका वापरते. आठवलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलं ते परत पहिल्यात. इनजीनियस आणि इनजेन्युअस एकाच दिवशी शिकवत नाही, दोन्ही कायमचे गुंततात.

आता जे लिहायचं टाळत होते ते. ती मुलगी आपली यादी घेऊन आली होती. कडा झिजलेली, एका कोपऱ्यात चहाचा डाग. पहिल्या पानावरचं अक्षर माझं होतं. चौदा वर्षांपूर्वी एका उन्हाळी वर्गासाठी मी ती हातानं लिहिली होती, आणि ऑब्स्टिनेटसमोर मीच लिहिलं होतं, ‘हट्टी, जिद्दी’. मधल्या वर्षांत कुणीतरी पुढची पानं संगणकावर उतरवताना जागा वाचवायला ‘हट्टी’ गाळला. पण ‘जिद्दी’ माझाच.

तिच्या आईसाठी शब्द शोधत आम्ही दोघी एक अख्खी दुपार बसलो. टेनेशियस तिला चिवट वाटला, आणि आईला चिवट म्हणायला ती तयार नव्हती. रेझोल्यूट कागदी वाटला. डॉगेड मला आवडला होता, पण त्यात कुत्रा आहे हे कळल्यावर तिनं मान हलवली. शेवटी तिनं विशेषणच काढलं, आणि दोन कोरड्या बोअरनंतर आईनं तिसरा घेतला, एवढंच वाक्य ठेवलं. यंदा ती पुन्हा अर्ज करते आहे.

त्या यादीच्या किती प्रती कुठे फिरत आहेत, याचा अंदाज मला नाही. मी ती पुन्हा लिहायला घेतली आहे, दिवाळीपर्यंत ‘डी’ संपेल. तोवर कुणाकडे ती असेल तर ऑब्स्टिनेटसमोरचा ‘जिद्दी’ खोडून ‘हेकट, नावं ठेवताना वापरतात’ असं लिहा. फुलसमसमोर मी ‘भरभरून’ लिहिलं आहे, तिथे ‘किळस यावी इतकी स्तुती’ करा. सिम्प्लिस्टिकसमोर ‘सोपा’ आहे, तोही खोडा. तिथे ‘गुंतागुंत टाळून वरवरचा केलेला’ हवं.