कूपमंडूक

वर्गांत एखादा विद्यार्थी संकुचित बुद्धीचें उत्तर देऊं लागला, कीं त्यास ‘कूपमंडूक’ म्हणण्याची मला खोड होती. परवां नातवानें ऑस्ट्रेलियांतील एका बेडकाची हकीकत वाचून दाखविली, आणि तो शब्द माझ्याच पदरांत पडला.

हा बेडूक त्या खंडाच्या आग्नेय किनाऱ्यावरील तळ्यांत व पाणथळींत राहतो. इंग्रजींत त्यास ‘हिरवा-सोनेरी घंटा-बेडूक’ अशा अर्थाचें नांव आहे. अंग पाचूसारखें हिरवें, त्यावर सोनेरी छटा. मादी सुमारें चार इंच लांब. बहुतेक बेडकांप्रमाणें हा दिवसां दडून राहत नाहीं. लव्हाळ्यावर खुशाल ऊन खात बसतो. एकेकाळीं विपुल असलेला हा प्राणी १९७० नंतर झपाट्यानें घटला. पाणथळी बुजविल्या गेल्या; कातडीस बुरशीचा रोग जडला; आणि तिसरें कारण म्हणजे डांसांच्या नाशासाठीं बाहेरून आणलेले गॅम्बूसिया मासे. डांसांच्या अळ्यांबरोबर ते याचीं अंडीं व शेपटीवालीं पिल्लेंही फस्त करतात.

हें ऐकून मी चपापलों. हिंवतापाच्या भयानें घरच्या विहिरींत हेच मासे मीं हौसेनें सोडविले होते. हेतु वाईट नव्हता. परंतु त्या विहिरींतील बेडकांचा स्वर कधीं थांबला, हें मला सांगतां येत नाहीं. कारण तो ऐकण्याकडे माझें लक्षच नव्हतें. पर्जन्यारंभीं ओरडणाऱ्या बेडकांस वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा देणारें ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्त मात्र मी मुलांस मोठ्या रसिकतेनें शिकवीत होतों! विहिरींतील बेडकास विहीर तरी पुरती ठाऊक असते. मला तीही नव्हती.

सिडनीकरांनीं निराळें केलें. २००० सालच्या ऑलिंपिक सामन्यांची तयारी चालू असतां, होमबुश येथील विटांच्या मातीच्या एका जुन्या खाणींत हे बेडूक आढळले. तेथें व्हावयाचीं टेनिसचीं मैदानें दुसरीकडे नेलीं आणि खाण बेडकांसाठीं राखली. पुढें २०२४ मध्यें तेथील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, लहानशा हरितगृहांत काळ्या रंगविलेल्या विटा ठेवल्या, तर हे बेडूक आपण होऊन त्यांच्या तापलेल्या भोंकांत जाऊन बसतात. बुरशीस ती ऊब सोसत नाहीं. असे बरे झालेले बेडूक पुढें त्या रोगाशीं अधिक नेटानें झुंजतात.

नातवास मीं सांगितलें आहे : यंदा मृग लागला, कीं रात्रीं विहिरीच्या कठड्याशीं बसूं. आवाज आला, तर तें सूक्त तुला तेथेंच शिकवीन. न आला, तर कां आला नाहीं, तें सांगेन.