आघारकरांचा संग्रह

शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके अखेर पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संशोधन संस्थेत राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञाचा संग्रह नुसत्या पुस्तकांचा नसतो. दाबून वाळवलेली रोपे आणि त्यांवरच्या चिठ्ठ्याही त्यात येतात. रोप हाती असून पुस्तक जवळ नसेल, तर त्याचे नाव ठरत नाही.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवणला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते शिकवत असताना सह्याद्रीत त्यांची भटकंती चाले. सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ, वेण्णेच्या डोहात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्या प्रजातीतले जीव तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. पण डोहाकाठी उभे राहून हे कळत नाही. त्यासाठी आधीचे सगळे नमुने आणि सगळे लेखन समोर लागते. अशी सोय कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होती. तिथल्या नेल्सन ॲनंडेल यांनी 1912 साली त्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले.

पुढचे वळण एका देणगीने दिले. कलकत्त्याचे वकील रासबिहारी घोष यांनी 1913 साली तिथल्या विद्यापीठाला विज्ञानशिक्षणासाठी 10 लाख रुपये दिले. त्यातून निघालेल्या प्राध्यापकपदांपैकी एक वनस्पतिशास्त्राचे होते, आणि त्यात शेतीकडे विशेष लक्ष असावे अशी दात्याची इच्छा होती. या पदावर आघारकरांची नेमणूक झाली. परदेशी अभ्यासासाठी ते 1914 साली जर्मनीला गेले, तोच महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही बर्लिनला आडोल्फ एंगलर यांच्या हाताखाली त्यांनी 1919 साली डॉक्टरेट मिळवली. विषय मात्र घरचाच होता: वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती कुठून आल्या, कशा पसरल्या. परक्या देशात अडकलेल्या माणसाला आपल्या मुलखातल्या झुडपांवर काम करता आले, ते तिथल्या संग्रहांच्या बळावर.

कलकत्त्याहून निवृत्त होऊन ते 1946 साली पुण्याला आले. कलकत्त्यात 1876 पासून चालू असलेल्या विज्ञानसंस्थेच्या धर्तीवर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली आणि आघारकर तिचे पहिले संचालक झाले. 1960 साली मृत्यू येईपर्यंत ते त्या जागी होते. आपला ग्रंथसंग्रह आणि मिळकत त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केली. विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला 1992 साली त्यांचे नाव मिळाले. ही संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे. आगरकर समाजसुधारक आणि आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, ही दोन माणसे वेगळी, हे पुण्यातही सांगावे लागते.

संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रहालय आहे, तसे बुरशींचेही आहे. ते एस. एल. आजरेकर यांच्या नावाने ओळखले जाते. ज्वारीच्या कणसातून मधासारखे चिकट थेंब गळू लागतात, माशा घोंघावतात आणि दाणा भरतच नाही. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात त्या या रोगावरचा आपला अभ्यास आजरेकरांनी 1926 साली प्रसिद्ध केला. अशा संग्रहातली चिठ्ठी बोटभर असते: नाव, कोणत्या पिकावर, गाव, तारीख, गोळा करणारा. पन्नास वर्षांनी तीच बुरशी दुसऱ्या शिवारात दिसली, तर तुलना करायला ही बोटभर चिठ्ठीच उपयोगी पडते.

नमुन्यांना पुस्तकांची जोड लागतेच, आणि पुण्यात माणसाच्या वा घराण्याच्या नावाने ग्रंथालय उभे करण्याची रीत जुनी आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातले बाई जेरबाई वाडिया ग्रंथालय मुलांनी आईच्या नावाने दिले. पण इमारत आणि कपाटे देऊन काम संपत नाही. शेतीशास्त्राची नियतकालिके दरवर्षी नव्याने घ्यावी लागतात, जुनी बांधून घ्यावी लागतात, कसर लागू नये म्हणून जपावी लागतात. म्हणून निधी हवा. मुद्दल न मोडता व्याजातून पुस्तके येत राहतील, असा. नावाच्या संगमरवरी पाटीपेक्षा अशी दरसालची तरतूद शास्त्रज्ञाचा अधिक मोठा मान राखते.

विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आज बियाण्याच्या पिशव्यांवर आहेत. एमएसीएस 6478 हा गव्हाचा वाण करंजखोपच्या शेतकऱ्यांनी पेरला आणि हेक्टरी 25 ते 30 क्विंटलवरचे उत्पादन 45 ते 60 क्विंटलपर्यंत गेले. करंजखोप त्या जेलीफिशच्या सातारा जिल्ह्यातलेच.

संग्रह फक्त संस्थांतच नसतात. ज्या घरांत शेतीशास्त्रज्ञ होऊन गेले, तिथे टिपणवह्या, पिकांच्या नोंदी, जुने अहवाल अजून माळ्यावर असतात. ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावेत, आणि जमल्यास त्यांच्या देखभालीसाठी थोडी रक्कमही सोबत द्यावी.